मी हसले होते

कोप्पीकर रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात अनसूयाने आरशात पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्या मागे कुणी बाई उभी आहे. वरचा ओठ मधोमध उचललेली, दात विचकलेली, कुणावर तरी गुरगुरायच्या बेतात असलेली. तिने चक्क वळून पाहिलं. मागे फ्रेमांची काचेची कपाटं होती, दारापलीकडे संध्याकाळची रहदारी होती, आणि कुणी नव्हतं. दुकानाचे मालक नुकतेच काहीतरी गमतीचं बोलले होते, या फ्रेममध्ये तुम्ही लेक्चरर नव्हे, डीसी, कलेक्टरच दिसता बघा मॅडम, असं काहीतरी, आणि त्यावर अनसूया हसली होती. हसताना आत जे जे व्हायचं ते सगळं झालं होतं. गळ्याशी ती हलकी उसळी आली होती, गाल वर गेल्यासारखे वाटले होते, या माणसाला आपण दाद देतोय याचं बारीकसं समाधानही वाटून गेलं होतं. आणि आरशात हे होतं. मालकांनी नजर काउंटरकडे वळवली. "ब्याड अंद्र बिड्री, नको तर नको," ते घाईने म्हणाले. "दुसरी दाखवतो." अनसूयाला त्यांना सांगायचं होतं, की अहो, मला आवडली ही. त्याऐवजी तिने पुन्हा एकदा, या खेपेला मुद्दाम, आरशात बघत हसून पाहिलं. ओठांची टोकं जागची हलली नाहीत. मधला ओठ तेवढा वर गेला, पडदा उचलावा तसा, आणि खाली दात दिसले. तिने तोंड मिटलं, फ्रेम काढून काउंटरवर ठेवली आणि काहीही न घेता बाहेर पडली.

केशवापूरला जाणाऱ्या रिक्षात बसल्यावर तिला आधी स्वतःची भीती वाटली नाही. आधी आठवायला लागली ती माणसं. गेल्या काही महिन्यांत आपण कुणाकुणाकडे बघून हसलो? शेजारच्या अंबूताई पोळ्यांचं नवीन यंत्र दाखवत होत्या तेव्हा. लेक वेदश्री पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नव्या घराची बाल्कनी दाखवत होती तेव्हा, आणि ती मध्येच म्हणाली होती, "आई, तुला आवडलं नाही का? तसं सांग ना." धारवाडला जाताना चिगरी बसचं दार लागत असताना एका बाईने हात देऊन आत घेतलं, तिच्याकडे बघून. वर्गात, कितीदा तरी. आणि मग रिक्षा सिग्नलला थांबली असताना आठवल्या त्या. कॉलेजच्या प्रिन्सिपल जयलक्ष्मी मॅडम. त्यांची आई गेली तेव्हा स्टाफमधले सगळे भेटायला गेले होते. बाकीचे रांगेने बसून होते. अनसूया उठून त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि, लोक अशा वेळी जसं हसतात, म्हणजे मी आहे हो, असं, तसं ती हसली होती. जयलक्ष्मींनी हात काढून घेतला होता. दुःखाने, असं तेव्हा अनसूयाला वाटलं होतं. त्यानंतर त्या तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या, आणि पुढच्या वेळापत्रकात अनसूयाला दिवसातले सगळ्यात शेवटचे तास आले होते. रिक्षा सुटली. समोर जाणाऱ्या बसच्या मागे लिहिलेली अक्षरं तिला दोन-दोन दिसायला लागली होती, एकावर एक किंचित सरकलेली. यासाठीच तर ती चष्मा बदलायला गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नंबर आहे तोच आहे. तरी तिला वाटलं होतं, काच बदलून बघावी.

हसण्याशी तिचं तसं जुनं वैर होतं. लहानपणी अळणावरला, वडील रेल्वेत असताना, स्टेशनमागच्या क्वार्टर्समध्ये तिच्या हसण्याचं कौतुक होतं. लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेल्या मालगाड्या उभ्या असायच्या, पावसात त्या ओंडक्यांचा कडू ओला वास घरात यायचा, आणि अनसूया हसली की अप्पा म्हणायचे, हिचं तोंड हसत नाही, सगळी पोर हसते. मग मोठी झाल्यावर तेच हसणं मागून घेतलं जाऊ लागलं. बघायला आलेल्या मंडळींत कुणीतरी काकू म्हणाल्या होत्या, "जरा हसून दाखव बघू." तेव्हा ती हसली नव्हती. एकवीस होतं तेव्हा वय. एमएस्सीचं पहिलं वर्ष. हसली नाही तरी लग्न ठरलं, कारण प्रभंजनला ती तशीच आवडली होती, असं तो अजून सांगतो. पण पुढे सासरच्या गोतावळ्यात, स्टाफरूममध्ये, बँकेत, सगळीकडे तिच्या लक्षात आलं, की बाईच्या तोंडावर हसू हे घराच्या दाराला तोरण असावं तसं धरून चाललेलं असतं. नसलं की लोक आधी विचारतात, काय बिनसलं? मग ठरवतात, हिला गर्व झालाय. तिने हळूहळू स्वतःशी एक नियम केला होता. आतून आलं तरच हसायचं. हा नियम तिने इतकी वर्षं पाळला होता, थोडी किंमत देऊन पाळला होता, आणि आता जे आतून येत होतं तेच बाहेर असं विद्रूप होऊन पडत होतं.

घरी प्रभंजन आला होता. रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी, सरळ माणूस, रागावत नाही, आवाज चढवत नाही, आणि एकदा एखादी गोष्ट त्याला पटली की ती त्याच्या डोक्यातून निघत नाही. अनसूयाचं काय झालंय हे त्याला केव्हाच पटलेलं होतं. वेदश्री नोकरीसाठी पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि अनूने ते मनाला लावून घेतलं. जेवताना ती भाकरी अर्धवट टाकते. मनाला लावून घेतलं. संध्याकाळी बोलता बोलता तिचा आवाज नाकातून यायला लागतो, जणू रडू दाबतेय. मनाला लावून घेतलं. त्यानेच तिला आपल्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं. सकाळी लवकरची वेळ मिळाली होती. सकाळी अनसूया ठणठणीत असायची. डॉक्टर शांत आवाजात विचारत गेले, झोप कशी आहे, मुलीची आठवण येते का, कधी वाटतं का की आपला आता काही उपयोग उरला नाही. मेंदूचा फोटो काढला, रक्त तपासलं, सगळं चांगलं आलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हे वाक्य प्रभंजनने नातेवाइकांना फोनवर इतक्या आनंदाने सांगितलं, की अनसूयाला आपण त्याचा विरस करतोय असं वाटायला लागलं. तिने गोळ्या घेतल्या. इतकंच नव्हे, तिने आपल्या आत ते दुःख प्रामाणिकपणे शोधलंही. दुपारी पलंगावर आडवं पडून, किल्ल्या हरवल्यावर जसा सगळ्या कप्प्यांत हात घालून बघतो तसं. आणि दरवेळी तिला तिथे भलतंच काहीतरी सापडायचं. वेदश्रीची खोली आता तिची झाली होती. खिडकीशी टेबल ओढलं होतं. या वयात ती स्कूटर शिकली होती आणि रविवारी सकाळी एकटी उणकल तळ्यापर्यंत जाऊन येत होती. तिला लाज वाटेल इतकी ती सुखात होती. मग हे रडकं तोंड कुणाचं?

त्या संध्याकाळी जेवताना ज्वारीची भाकरी होती. सुरुवातीचे घास नीट गेले. मग जबडा जड झाला, जणू चघळण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडून करून घ्यायचं होतं. तिने डावा तळहात हनुवटीखाली लावला आणि जबडा वर ढकलत एक घास संपवला. प्रभंजन बघत होता. "अनू," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थोडी इच्छाशक्ती पाहिजे बघ. मनाने घेतलं पाहिजे." तिने पाण्याचा घोट घेतला आणि तो घोट नाकातून परत आला. ताटात, भाकरीवर. खोकला थांबल्यावर तिला रडू आलं नाही, संताप आला. इतका स्वच्छ संताप तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. इच्छाशक्ती! अहो, इच्छा करकरून मी थकले. मी हात उचल म्हणते, गाल उचल म्हणते, गीळ म्हणते. हुकूम द्यायला मी कुठे कमी पडतेय? हे ती बोलली नाही, कारण त्या वेळी तिचा आवाज तसाही निघाला नसता.

दुसऱ्या दिवशी धारवाडला, कॉलेजात, शेवटचा तास. पीयूसीच्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे अकरावीचा वर्ग, दुपारच्या उन्हाने पेंगलेला. धडा चालला होता मज्जासंस्थेचा. हा धडा अनसूया इतकी वर्षं शिकवत होती की चित्र काढताना तिला फळ्याकडे बघावंही लागत नसे. वरून येणारा मज्जातंतू, त्याचं शेवटी फुगलेलं टोक, आत गोल गोल पिशव्या, खाली स्नायूची वळ्यावळ्यांची भिंत. आणि मध्ये फट. या फटीवर ती नेहमी थांबायची. "हे लक्षात ठेवा," ती म्हणाली, "हे दोघं एकमेकांना कधीच शिवत नाहीत. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शापेक्षा लहान फट आहे, पण आहे. मेंदूकडून निरोप विजेसारखा धावत येतो आणि इथे, टोकाशी, अडतो. पुढे वीज जात नाही. पुढे जातं ते रसायन. या पिशव्या काठाशी येऊन फुटतात, ॲसिटिलकोलीन फटीत सांडतं, पलीकडच्या भिंतीवर त्याच्यासाठीच केलेली दारं असतात, त्यांत ते नेमकं बसतं, आणि स्नायू आखडतो. मग लगेच एक एन्झाइम येऊन सांडलेलं सगळं साफ करतं, पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी." तिचा आवाज नाकात जायला लागला होता. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. भिंतीवरची दारं काढायला तिने हात वर केला, एक काढलं, दुसरं काढलं, आणि हात खाली आला. तिने आणला नव्हता. आला. खडूची रेघ फळ्यावरून तिरकी खालपर्यंत ओढली गेली. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटली होती आणि वर्ग तिला दोन-दोन दिसत होता. तरी दरवर्षीचं वाक्य सवयीने तोंडात आलंच. "आता समजा, समोरची ही दारं बंद झाली. कुणी अडवून धरली. तर काय होईल? निरोप निघालेला असेल. पिशव्या फुटलेल्या असतील. रसायन सांडलेलं असेल. इकडच्याने आपलं काम पुरेपूर केलेलं असेल. पण स्नायू हलणार नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, की निरोप कुणी पाठवलाच..."

ती खुर्चीवर बसली. वर्गाला वाटलं मॅडमना चक्कर आली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठायला लागली, अनसूयाने तिला हाताने बसवलं. हात आता, खाली असताना, चालत होता. ती फळ्यावरच्या चित्राकडे बघत राहिली. सकाळी बरं असतं. विसावा घेतला की परत येतं. वापरलं की जातं. जे अवयव सतत कामात, डोळे, जबडा, गळा, तेच आधी. अगं बाई, हे तू दरवर्षी शिकवतेस. पुस्तकाच्या त्या पानावर कोपऱ्यात चौकट आहे, त्या आजाराचं लांबलचक नाव आहे, परीक्षेत कधी येत नाही म्हणून आपण ते वाचून घ्या असं सांगून पुढे जातो. शरीर स्वतःच्याच दारांना शत्रूची दारं समजतं आणि त्यांना कुलपं घालत सुटतं. दहांतली दोनच दारं उघडी राहिली, तर पहिल्या निरोपाला पुरतात, पाचव्याला पुरतात, पण प्रत्येक निरोपागणिक सांडणारं रसायन थोडं थोडं कमी होत जातं, आणि मग पुरत नाही. निरोगी माणसाला ते कळतही नाही, त्याची दारं भरपूर असतात. अंगावर काटा आला तो भीतीचा होता की आणखी कसला हे तिला सांगता आलं नसतं. बेल झाली. मुलं हळू आवाजात बोलत निघून गेली. फळा तिने पुसला नाही.

कॉलेजच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. गाडीवाली बाई ओळखीची, अनसूया कधीमधी तिच्याकडे रस प्यायची. आज तिने फक्त बर्फ मागितला. चालत येताना तिने विचार करून ठेवला होता, अगदी साधा, प्रयोगशाळेत मुलांना सांगतात तसा. दारं कमी आहेत, ती काही मी उघडू शकत नाही. पण सांडलेलं रसायन साफ करणारं ते एन्झाइम थंडीत मंद होतं. ते मंद झालं, तर रसायन फटीत जास्त वेळ रेंगाळेल, उरल्यासुरल्या दारांत पुन्हा पुन्हा बसेल. म्हणजे पापणी थंड केली की पापणी उचलली पाहिजे. आणि मी जर फक्त दुःखी बाई असेन, तर बर्फाने माझं दुःख काही उतरायचं नाही. तिने बर्फाचा तुकडा रुमालात गुंडाळला आणि उजव्या डोळ्यावर धरला. पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं. गाडीवाली बघत राहिली. जाणारे-येणारे बघत राहिले. डोळा बधिर व्हायला लागला तशी अनसूया एका उभ्या स्कूटरच्या आरशाशी वाकली आणि रुमाल काढला. पापणी वर होती. दुसऱ्या डोळ्याइतकी वर, टक्क उघडी, ओली. तिला मोठ्याने हसू फुटलं. आरशात पुन्हा ते दात विचकलेलं तोंड दिसलं, आणि या वेळी तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "एनात्री मॅडम?" गाडीवालीने घाबरून विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही," अनसूया नाकातल्या आवाजात म्हणाली. "माझं खरं निघालं." बसमध्ये बसेपर्यंत पापणी पुन्हा खाली आली होती. येऊ दे.

प्रभंजनने सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, "इंटरनेटवर असलं फार असतं, अनू. वाचलं की आपल्यालाच झालंय असं वाटतं."

"इंटरनेटवर नाही वाचलं," अनसूया म्हणाली. ती तासभर डोळे मिटून, अजिबात न बोलता पडून मग उठली होती, कारण हे तिला स्वच्छ आवाजात बोलायचं होतं. "मी हे शिकवते. तुम्ही ऑफिसात मालगाडीचं भाडं काढता तेव्हा मी म्हणते का, इंटरनेटवर बघून काढलं म्हणून?"

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांनी मला सकाळी बघितलं. सकाळी मी बरी असते. आता मी संध्याकाळची वेळ घेणार, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे घेणार. तुम्ही येणार असाल तर या. मध्ये बोलायचं मात्र नाही."

तो आला. दवाखान्यात लिफ्ट होती. अनसूया जिन्याने चढली, मध्ये कुठेही न थांबता. बाहेर बाकावर बसून ती मोठ्याने आकडे म्हणत राहिली, शेजारची माणसं सरकून बसली तरी, आवाज घोगरा होऊन नाकात जाईपर्यंत. प्रभंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, ते तिला दिसत होतं, आणि त्याची दया येत असूनही ती थांबली नाही. आत गेली तेव्हा ती आपल्या सगळ्यात वाईट रूपात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला छताकडे टक लावून बघायला सांगितलं आणि पापणी हळूहळू उतरताना बघत राहिल्या. मग गालावर तारा लावून विजेचे बारीक झटके दिले, एकामागोमाग एक, आणि पडद्यावर प्रत्येक झटक्याला उठणारी रेघ आधीच्या रेघेपेक्षा लहान होत गेली. अनसूया मान वळवून ते बघत होती. तिथे होतं ते, चित्रात. निरोप येतोय, येतोय, येतोय, आणि पलीकडे कमी कमी पोचतोय. पुढे रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सांगितल्या, त्या एन्झाइमला मंद करणाऱ्या. त्यांचा असर काही तास टिकतो आणि उतरतो, हे सांगितलं. छातीतल्या एका ग्रंथीचं ऑपरेशन कदाचित करावं लागेल हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही फार शांतपणे घेताय."

"शांत नाही," अनसूया म्हणाली. "मी खूष आहे, डॉक्टर. तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढंच."

गोळीने चहा गळ्याखाली उतरला, भाकरी उतरली, रस्त्यातल्या दोन बसची एक बस झाली. गोळीचा असर उतरू लागला की सगळं पुन्हा जड. दिवसाला भरती-ओहोटी लागली. आणि घरादारात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. आतापर्यंत जे तिला मन घट्ट कर म्हणून सांगत होते, ते आता तिला कशालाच हात लावू देईनात. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून त्यांच्या गोळ्या कशा हळूहळू थांबवायच्या ते सांगितलं. अंबूताई डबा घेऊन येऊ लागल्या. प्रभंजन स्कूटरची किल्ली लपवून ठेवू लागला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो रात्रंदिवस घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर तो बंदोबस्त करतो. आजाराला आजाराचं नाव मिळताच अनसूया जणू एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवली गेली होती, आणि या खोलीलाही बाहेरूनच कडी होती. एक दिवस कॉलेजातून निरोप आला, की अनसूया मॅडमनी आता वर्ग घेऊ नयेत, ॲडमिशनच्या खिडकीशी बसावं. पालकांच्या तक्रारी होत्या. कुणी म्हटलं होतं, मॅडम पिऊन आल्यासारख्या बोलतात. प्रभंजन हे ऐकून म्हणाला, "त्यापेक्षा राजीनामाच देऊ. मानाने बाहेर पडू." देऊ! पडू! अनसूया म्हणाली, "मी उद्या जयलक्ष्मी मॅडमना भेटते." तो म्हणाला, मीही येतो.

जयलक्ष्मी मॅडमनी दुपारनंतरची वेळ दिली. गोळीची वेळ त्याआधीच होऊन गेली होती आणि गोळी पर्समध्ये होती. अनसूयाने ती घेतली नाही. ज्या तोंडाबद्दल बोलायचं ते तोंड समोर असलेलं बरं, असं तिला वाटलं. "बर्री, कूड्री, या, बसा," जयलक्ष्मी म्हणाल्या, कागदावरून नजर न उचलता. दोघींचं बोलणं नेहमी कानडीतच होई. जयलक्ष्मी उंच, कडक कांजी केलेल्या साडीतल्या, आणि दमलेल्या दिसत होत्या. "तुमची तब्येत ऐकली. वाईट वाटलं. खिडकीचं काम बसून आहे, त्रास नाही."

"मॅडम, तुमच्या आई गेल्या तेव्हा मी घरी आले होते," अनसूया म्हणाली.

जयलक्ष्मींनी वर बघितलं. "आठवतंय."

"मी तुमचा हात धरला, आणि हसले."

"दात दाखवलेत तुम्ही." आवाज एकदम उघडा पडला होता. "माझी आई आत ठेवलेली होती, आणि तुम्ही माझ्या तोंडावर दात दाखवलेत. आज आजाराचं कळलं म्हणून मी ते विसरायचं का?"

"मी हसले होते. ते..." आणि आवाज गेला. आधी नाकात गेला, मग शब्दांच्या कडा गेल्या, मग नुसता श्वास उरला. जबडा खाली यायला लागला तसा तिने तळहात हनुवटीला लावला. जयलक्ष्मी बघत होत्या. प्रभंजन खुर्चीत पुढे सरकला. "तिला म्हणायचंय, मॅडम," तो घाईघाईने म्हणाला, "की आजारामुळे तिच्याकडून चूक झाली, तिला पश्चात्ताप होतोय, ती तुमची माफी..."

अनसूयाने टेबलावर हात आपटला. फार जोर नव्हता त्यात, पेपरवेट हललाही नाही, पण प्रभंजन गप्प झाला. तिने एक बोट त्याच्याकडे उचललं आणि खाली केलं. तो मागे टेकून बसला. मग कुणीच काही बोललं नाही. पंखा फिरत होता. बाहेर तास सुटला, जिन्यावरून मुलांचा लोंढा खाली गेला, त्याचा आवाज वाढला आणि विरला. शिपाई दारात डोकावला, जयलक्ष्मींनी मान हलवून त्याला परत पाठवलं. त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी उलटा ठेवला. अनसूया डोळे मिटून बसली होती. आत तिला माहीत होतं काय चाललंय ते. पिशव्या पुन्हा भरत होत्या. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. कुणाच्या अवघडण्याने तो कमी होत नाही. आयुष्यभर तिने अशा शांततेत कुणीतरी काहीतरी बोलून टाकावं म्हणून स्वतःच काहीबाही बोलून टाकलं होतं. आज ती बसून राहिली. अवघडायचं असेल त्याने अवघडावं.

"माफी नाही मागत मी," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्दांना कडा होत्या. "माफी मागायची तर मी तेव्हा वाईट वागलेली असायला पाहिजे. माझी आई गेली तेव्हा सगळे रांगेने बसून होते. हात कुणी धरला नाही. म्हणून मी तुमचा धरला. मी तुमच्याकडे बघून हसले. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, भलतंच पोचलं. मध्ये काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. पण मी पाठवलं होतं, मॅडम. तेवढं तुम्ही मानायचं."

जयलक्ष्मी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या; उतरलेली पापणी, तळहाताने धरलेली हनुवटी, सगळं बघत. "अव्वाला, आईला आठवायला बसले ना," त्या हळू म्हणाल्या, "की तिच्याआधी तुमचं तोंड यायचं. इतके महिने. तिचं तोंडच येत नव्हतं मला." त्यांनी पदराने नाक पुसलं, चष्मा पुसला, तो पुन्हा लावायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी काचेखालचं वेळापत्रक ओढून बाहेर काढलं. "कुठले तास देऊ?"

"सकाळचे पहिले दोन," अनसूया म्हणाली.

"हो, सकाळी तिला अगदी बरं असतं," प्रभंजन म्हणाला, आणि लगेच ओठ मिटून घेतले.

"आणि शेवटचा."

जयलक्ष्मींचं पेन थांबलं. "शेवटच्या तासाला तुमचा आवाज जाणार."

"जाईल. मग येईल. तोवर मुलं थांबतील."

"पोरं ती. थांबतील असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही थांबलात की," अनसूया म्हणाली.